उतारवाडीची होडी

दौंड,
५ फेब्रुवारी १९७३

दाजी म्हाळू साळवे यांस,
भिमाजीचा सप्रेम जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. नदी आटली, होडी काठावर पालथी घातली, एवढं दोन ओळींत कळवून उरलेल्या कार्डावर तुम्ही बकरी व्याल्याची हकिगत लिहिली आहे. दाजी, बकरी दरवर्षी विते. होडी एकदा वाळली की संपली. आमच्या रेल्वे यार्डात कोचीनकडचा एक फिटर आहे. त्याचं सगळं खानदान समुद्रावरचं. तो म्हणाला, लाकडी होडी पाण्याबाहेर राहिली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात, म्हणून तिला रोज भिजवावी लागते. सकाळी दोन घागरी आणि संध्याकाळी दोन घागरी पाणी घालायचं आणि वर ओलं गोणपाट टाकायचं. यात हयगय नको.

मी होडीत बसलो की मला घेरी येते, हे तुम्ही चारचौघांत सांगता ते मला माहीत आहे. पण काळजी करायला घेरी आड येत नाही. पलटणीतून सुटून आल्यावर तुम्ही भोयाची ती मोडकी होडी घेतलीत तेव्हा गाव हसलं. आज मांडवगणच्या बाजारात लोक तुमच्या मरळ माशाची वाट बघत बसतात, आणि त्या होडीमुळेच तुम्हाला सरपंचाच्या मळ्यात सालगडी म्हणून राहावं लागलं नाही. ती गेली तर काय होईल, ते मी लिहीत नाही.

आक्काला नमस्कार.
तुमचा,
भिमाजी ओव्हाळ, कॅरेज फिटर


उतारवाडी, ता. शिरूर
१९ फेब्रुवारी १९७३

चि. भिमाजीस म्हाळूचा जयभीम.

चार घागरी होडीला! हे सोजरला, तुझ्या बहिणीला, वाचून दाखवलं. ती जे बोलली ते कार्डावर लिहिलं तर पोस्टमन घ्यायचा नाही.

इथली परिस्थिती ऐक. आपल्या बौद्धवाड्याचा झिरा म्हणजे नदीच्या वाळूत उकरलेला खड्डा. सोजर त्यात वाकते आणि वाटीवाटीनं घागर भरते. एका घागरीला अर्धा तास लागतो. गावाचा झिरा वरच्या अंगाला आहे, तिथं आपल्याला मज्जाव. तोही आता आटत आला आहे, म्हणून त्यांचे लोक आमच्या झिऱ्याकडं बघत बघत जातात. मी सरकारी कामावर खडी फोडतो, दुपारी सुकडी मिळते. त्या सुकडीत सिमेंट मिसळलं असतं तर टाकी तरी बांधून झाली असती. टाकी मंजूर आहे हो! सरपंच पोपटरावांनी मागच्या दिवाळीत नारळ फोडून पायाचा दगड बसवला. त्यानंतर तो दगड तेवढा वाढायचा राहिला आहे.

होडीचं म्हणशील तर तळाच्या सांध्यातून विडी आरपार जाते. मी घालून बघितली. पलीकडून बकरीनं खाल्ली.

परवा सरपंच काठावर आले आणि म्हणाले, "म्हाळू, नदी काय आता येत न्हाई. ही फोड, सरपण कर, आन् आमच्या मळ्यावर ये. जागा हाय तुला." मी म्हणालो, "पलटणीत मी सोळा वर्षं होड्या जोडून पूल टाकले. नदी कवा ना कवा येतीच." पण खरं सांगतो, ते गेल्यावर मी बराच वेळ होडीवर हात ठेवून बसलो होतो. धास्ती वाटते.

म्हाळू


दौंड,
२ मार्च १९७३

दाजींस जयभीम.

यस्टीच्या कंडक्टरबरोबर राळ, डांबराचा डबा आणि दोन किलो काथ्या पाठवला आहे. काथ्या बाहेरून ठोकायचा, आतून नाही. बाहेरून ठोकला तर नदीचं पाणीच त्याला सांध्यात दाबून धरतं. आतून ठोकला तर तेच पाणी त्याला ढकलून तुमच्या मांडीवर टाकेल. हे कोचीनवाल्यानं दोन कप चहा घेत मला चित्र काढून दाखवलं. तुम्ही पलटणीतले, तुम्हाला माहीत असेल, तरी लिहिलं.

भिजवताय ना?

भिमाजी


उतारवाडी,
२५ मार्च १९७३

चि. भिमाजीस जयभीम.

सामान मिळालं. होडीची काळजी आता सोड. तिला रोज भरपूर पाणी मिळतं. चार घागरी नव्हे, काठोकाठ. फळ्या अशा फुगल्यात की सांध्यात सुई जायची नाही. बन्सी सुतारानं सगळे सांधे तुझ्या काथ्यानं भरून दिले, मजुरी घेतली नाही. राखणीला दोन माणसं असतात. सरपंच स्वतः सकाळ-संध्याकाळ येऊन बघून जातात. एवढी बडदास्त माझी कुणी ठेवली नव्हती.

सोजर बरी आहे. बकरीची दोन्ही पिल्लं जगली.

म्हाळू


दौंड,
२ एप्रिल १९७३

दाजी, जयभीम आणि अभिनंदन!

तुमचं पत्र यार्डात मोठ्यानं वाचलं. कोचीनवाला म्हणाला, त्यांच्याकडेसुद्धा सरकार होडीला राखणदार देत नाही. मी त्याला सांगितलं, हा महाराष्ट्र आहे. मच्छीमारांच्या होड्या जगवण्याची काहीतरी दुष्काळी योजना निघाली असणार, आणि पोपटरावांनी ती आपल्या माणसाला दिली. मी त्यांच्याविषयी आजवर फार वाईट बोललो. माणूस ओळखण्यात माझी चूक झाली.

ती चूक मी लगेच दुरुस्त केली आहे. सरपंचांना रजिस्टर पोस्टानं आभाराचं पत्र धाडलं. 'आमच्या दाजींची होडी आपण ज्या आपुलकीने ताब्यात घेतली, त्याबद्दल आम्ही कुटुंबीय आपले ऋणी आहोत व ही व्यवस्था कायम राहावी अशी आमची इच्छा आहे,' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. खाली माझा हुद्दाही टाकला.

तुमचा आनंदी,
भिमाजी


उतारवाडी,
१६ एप्रिल १९७३
(सोजरबाईनं सांगितलं तसं शब्दाला शब्द लिहिलं आहे. लिहिणार, शेजारची सून सिंधूबाई.)

भिमा,

तुझं त्ये पत्र सरपंचानं चावडीवर सगळ्यांम्होरं वाचाया लावलं. दोनदा. आरं, तू येडा का खुळा?

ऐक आता. टँकर आला तवा डायवर म्हनला, टाकी दावा, मला वतून जायचंय, मी काय घागरी भरत बसत न्हाई. टाकी कुठाय? दगुड हाय निस्ता. मग समद्यांची नजर आपल्या होडीवर गेली. तुझं दाजी बी व्हय म्हनले, का, तर फळ्या फुगतील. चाळीस मान्सांनी वढत चावडीम्होरं नेली, दोन्ही अंगानं माती लावली, आन् टँकर तिच्यात रिकामा केला. बन्सीला म्या म्हनलं, काथ्या भाईरून ठोक. त्यो म्हनला, "आक्के, पाणी आतल्या अंगाला हाय, मग भाईरून ठोकून कसं व्हईल?" आतूनच ठोकला.

आता आपल्या होडीतलं पाणी गाव पिणार कसं? म्हनून सरपंचानं गोमूत्र शिपडाया लावलं. एवढ्या मोठ्या होडीला बाटली पुरंना. मग त्यात पाणी घातलं. गावाचा झिरा आटलेला, मग पाणी आनलं आपल्या झिऱ्यातनं. म्या डोळ्यानं बघितलं. मग भाईरून पांढऱ्या रंगानं लिवलं, ग्रामपंचायत, पिण्याचे पाणी. म्हंजी ती आता आपली ऱ्हायली न्हाई, गावाची झाली, म्हनून गाव पितंय.

आन् आमी? आमी घागर खाली ठिवायची, धा पावलं लांब व्हायचं. राखणदार बादलीनं वरनं वतनार. ऱ्हायलं तर. आपल्याच होडीतलं पाणी, भिमा. दाजींनी तुला ह्ये कळवलं न्हाई, त्यांस्नी लाज वाटती. मला कशापायी वाटंल? म्या काय केलंय?

तुझ्या पोरास्नी मुका.
सोजर


दौंड,
२२ एप्रिल १९७३

आक्का आणि दाजी,

माझं थोबाड फोडलंत तरी मी हू का चू करणार नाही. 'ही व्यवस्था कायम राहावी' हे वाक्य मला रात्रंदिवस दिसतं. सुंदर वाक्य लिहायची माझी खोड मोडली पाहिजे.

दाजी, तुम्ही लपवलंत याचा मला राग आला नाही, वाईट मात्र फार वाटलं. पाऊस पडेपर्यंत होडी मागू नका. पाणी सगळ्यांनाच लागतं, गावात आपलीही माणसं आहेत. पण पाऊस पडला की एक दिवसही थांबू नका.

भिमाजी


उतारवाडी,
१० जुलै १९७३

चि. भिमाजीस जयभीम.

नदीला पाणी आलं. विहिरींना आलं. टँकर गेल्या आठवड्यात बंद झाला. मी दुसऱ्याच दिवशी चावडीवर गेलो आणि होडी मागितली.

पोपटराव म्हणाले, "कुठली होडी?"

मी बोट दाखवलं.

"ती? ती टाकी हाय. रजिस्टरात चढली. टाकी, लाकडी, नग एक. सरकारला तसं कळवलंय. आदर्श पाणीपुरवठा म्हनून तालुक्यात आपला पयला नंबर यायचाय. आता टाकी काढली तर नंबर काशात बसवू?"

मी म्हणालो, त्या पांढऱ्या रंगाखाली माझी होडी आहे. ते म्हणाले, तुझ्याच पाव्हण्यानं कायमची दिली, आणि भिंतीकडे हात केला. तुझं पत्र तिथं काचेत लावलंय. हुद्द्यासकट. हार घालायला खिळापण ठोकलाय.

मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "नाराज व्हऊ नगंस. मळ्यावर जागा हाय अजून."

भिमाजी, नदी दोन्ही काठ धरून वाहते आहे, वामी आणि मरळ वर चढताहेत, आणि मी काठावर हात बांधून उभा आहे. दोन दिवस झोप नाही. सोजर म्हणते, मळ्यावर गेलात तर मी माहेरी निघून जाईन. तुझ्याकडे दोनच खोल्या आहेत हे मी तिच्या कानावर घातलं.

म्हाळू


दौंड,
१६ जुलै १९७३

दाजींस जयभीम.

विचार करून डोकं शिणलं, पण एक गोष्ट सापडली. ती जर टाकी असेल तर ती पंचायतीची, म्हणजे सार्वजनिक. सार्वजनिक पाण्यावर कुणालाही स्वतःच्या हातानं घागर बुडवता येते आणि अडवणाऱ्याला शिक्षा आहे. ती जर होडी असेल तर ती तुमची. पोपटरावांनी दोहोंतलं एक काहीतरी सांगावं, म्हणजे झालं. बीडीओ साहेबांसमोर हे विचारलं पाहिजे. मी अर्ज लिहायला घेतला आहे. सहा पानं झाली, अजून विषयाला हात घातलेला नाही. महिनाअखेर पाठवतो. तोवर कुणीही काहीही करू नये.

भिमाजी


उतारवाडी,
५ ऑगस्ट १९७३

चि. भिमाजीस जयभीम.

अर्ज पाठवू नकोस.

बुधवारी बीडीओ साहेब आदर्श टाकी बघायला आले. पताका लावल्या होत्या, शाळेची मुलं उभी केली होती. टाकीत पावसाचं पाणी साचलेलं होतंच. सरपंच बोलत होते, साहेब मान हलवत होते. तेवढ्यात तुझी बहीण रिकामी घागर घेऊन मुलांच्या रांगेतून सरळ पुढं आली. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं, पण ती असं काही करील हे मला बिलकूल ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगतो.

राखणदार धावला. सरपंचांनी डोळ्यांनीच त्याला थांबवलं, कारण साहेब बघत होते. सोजरनं घागर बुडवली. बुडबुड आवाज आला, तो मला चावडीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. मग घागर कमरेवर घेऊन ती म्हणाली, "साहेब, ही टाकी पंचायतीची हाय ना? मंजी माझी बी हाय. रोज येत जाईन."

साहेब म्हणाले, "अर्थातच. का हो सरपंच?"

पोपटरावांचा चेहरा बघायला तू पाहिजे होतास. मागं भावकीचे लोक उभे. टाकी म्हणावं तर उद्यापासून सोजर रोज हात घालणार आणि गावाला ते चालवून घ्यावं लागणार. अडवावं तर साहेब समोर. घाम पुसत म्हणाले, "साहेब, ही... ही टाकी न्हाई तसं बघितलं तर. ही म्हाळूची होडी हाय. त्यांची त्यास्नी घरची वस्तू, घालतील हात न्हाईतर पाय."

"मग गाव पाणी कुठलं प्यायलं?"

"ह्यातलं न्हाई!" दहाबारा जण एकदमच बोलले. ग्रामसेवकानं तिथंच पंचनामा केला. सदर वस्तू ही म्हाळू साळवे यांची खासगी होडी असून तिच्यातील पाणी गावातील कोणीही कधीही प्यायलेले नाही. पंचवीस सह्या. साहेब पंचनाम्याची प्रत घेऊन गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी वाड्यातल्या माणसांनी होडी ओढून नदीवर आणली. मी ऐटीत वल्हं मारलं आणि वीस हातांवर बन्सीचा काथ्या सुटून माझ्या मांडीवर आला. तुझ्या कोचीनवाल्याला माझा सलाम सांग. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा उडी मारून ओढत बाहेर काढली. मग तीन दिवस पालथी घालून आतला सगळा काथ्या उकरला, तळ खरवडला, नवा काथ्या बाहेरून ठोकला, वर तापलेली राळ आणि डांबर. बन्सी स्वतः येऊन बसला होता. म्हणाला, "म्या सांधं भरलं ते टाकीचं. होडीचं कुनी सांगितलंच न्हाई मला." त्याचंही खरं आहे.

आता थेंब येत नाही. पांढरा रंग मात्र पक्का निघाला. 'ग्रामपंचायत' खरवडून गेलं, 'पिण्याचे पाणी' अजून दिसतं. माशांना वाचता येत नाही म्हणून बरं.

म्हाळू


दौंड,
१२ ऑगस्ट १९७३

दाजींस जयभीम. आक्काला दंडवत.

अर्जाची नऊ पानं फाडली. दाजी, पंचनाम्याची नक्कल घेऊन ठेवा. एक गोष्ट मला खुपते. आक्का चार महिने दहा पावलं लांब उभी राहिली, आणि सरकारी कागदावर आता असं झालं की तिथं कुणी पाणी प्यायलंच नाही. म्हणजे ती उगाचच उभी होती. हे वाचून माझा संताप होतो.

भिमाजी


उतारवाडी,
२० सप्टेंबर १९७३

चि. भिमाजीस जयभीम.

तुझा संताप वरच्या ऑफिसापर्यंत पोचलेला दिसतो. तिथून पत्र आलं. उतारवाडीला टँकरच्या एकशेबारा खेपा झाल्या. पंचनाम्याप्रमाणे ते पाणी कोणीही प्यायलेलं नाही. तरी सदर पाण्याचं काय केलं याचा खुलासा सरपंच व ग्रामसेवक यांनी करावा, अन्यथा पुढील कारवाई होईल.

त्याच संध्याकाळी पोपटराव आमच्या बौद्धवाड्यात आले. आजवर मतं मागायलासुद्धा ते कोपऱ्यावरून हाक मारायचे, या वेळी दारापर्यंत आले. मी अंगणात जाळं विणत होतो. म्हणाले, "म्हाळू, तू लिवून दे, गाव तुझ्या होडीतलं पाणी प्यायलं."

सोजर आतून बाहेर आली. "ते का लिवतील? ज्येनं प्यायलं त्येनं लिवावं. ज्येनं त्येनं आपल्या हातानं. आन् इथं बसून, आमच्या अंगणात."

दोन दिवस घासाघीस चालली. होडीऐवजी 'लाकडी पात्र' लिहिलं तर चालेल का? म्हाळू साळवेऐवजी 'गावातील एक गृहस्थ' असं चालेल का? प्यायलोऐवजी 'वापरले'? ग्रामसेवक बिचारा दर वेळी कोरा कागद काढायचा. सोजर धान्य पाखडता पाखडता नुसती मान हलवायची. तिसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसातून आठवणीचं दुसरं पत्र आलं, तेव्हा वाक्य ठरलं: दुष्काळात मी म्हाळू साळवे यांच्या होडीतलं पाणी प्यालो.

काल अंगणात सतरंजी टाकली. एकेक जण यायचा, इकडंतिकडं बघायचा, वाक्य लिहायचा, सही ठोकायचा आणि चप्पल शोधायचा. शहाऐंशी सह्या झाल्या. भिमाजी, ही होडी माझी आहे हे आता शहाऐंशी जणांनी आपल्या हातानं लिहून दिलं आहे. ती आता कुणी टाकी म्हणणार नाही आणि मला कुणी मळ्यावर बोलावणार नाही. नक्कल मी पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे.

सोजरनं सतरंजीजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. कुणाला घ्या म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. तो भरलेलाच राहिला. शेवटी सरपंचांची आई अनसाबाई काठी टेकत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. अंगठा उठवला, तांब्या उचलला आणि तोंड लावून गटागटा प्याली. म्हणाली, "सोजरे, उन्हाळ्यात तुला लांब हुबी केली तवा म्या बगत व्हते. तवाच बोलाया पायजे व्हतं." सोजर तिचा हात धरून बसली. मला मात्र रडू आलं. पलटणीत आलं नव्हतं, ते इथं आलं.

सरपंचांची सही सगळ्यांत शेवटी. वाक्य त्यांनी घोटून लिहिलं, अक्षर चांगलं आहे. आईनं तांब्या त्यांच्यापुढं सरकवला. पोपटरावांनी पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी केली आणि म्हणाले, "नगं. मला आत्ता तहान न्हाई."

म्हाळू